मुदतराव

वापरलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री आपल्याकडे काही आज उपजलेली नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, फ्लोरा फाउंटनच्या आसपास पदपथावर मांडलेली पुस्तके, अशा ठिकाणी मोडलेल्या आणि न मोडलेल्या संसारांतून निखळलेल्या वस्तू नव्या धन्याची वाट पाहत आजवर बसत आल्या. आणि त्या व्यवहाराचा मोठा गुण असा, की घासाघीस संपली म्हणजे एका हाताने पैसे द्यावेत व दुसऱ्या हाताने वस्तू उचलावी, मध्ये काळ नावाच्या तिसऱ्या पक्षकाराला बसायला जागाच नसे. हा तिसरा पक्षकार हजर झाला तो वस्तूऐवजी वस्तूचे छायाचित्र बाजारात बसू लागले तेव्हापासून. नागपुरातील कोणाच्या माळ्यावरचा ग्रामोफोन आता कोथरूडच्या दिवाणखान्यात पाय पसरून न्याहाळता येतो, त्याच्या मालकाशी हुज्जत घालून भाव पाडता येतो, ठरलेली रक्कम बोटाच्या एका स्पर्शाने नागपुरास रवाना करता येते. ग्रामोफोन मात्र आपल्या गतीने येतो, आणि कित्येकदा येण्याआधी तो निघालेलाच नसतो. रक्कम गेली आहे आणि वस्तू आलेली नाही, अशा या मधल्या पोकळीत मनुष्यजातीचा एक नवा नमुना उदयास आला आहे. त्याचे पाळण्यातले नाव काहीही असो, मी त्याला मुदतराव म्हणतो.

आमच्या गृहरचना संस्थेतील मुदतराव सेवानिवृत्त आहेत. तरुण मुदतरावही मी पाहिले आहेत, आणि स्त्रियांतही हा नमुना आढळतो. पण फुरसत आणि निवृत्तिवेतन यांचा योग जेथे जुळून येतो तेथे त्याला जो बहर येतो तो अन्यत्र येत नाही. ते कोणत्या सरकारी खात्यात होते हे सांगणे सभ्यपणाचे होणार नाही. एवढेच सांगतो, की त्या खात्यात एका मेजावरून शेजारच्या मेजावर जाण्यास कागदाला जो अवधी लागे, तेवढ्यात पहिल्या मेजावरच्या कारकुनाची बदली होऊन तो नव्या गावी रुळलेला असे. ठेकेदारांच्या अर्जांवर 'मुदतवाढ मंजूर' असा शेरा मारण्यात मुदतरावांच्या हयातीची उत्तम वर्षे खर्ची पडली, आणि त्यांच्या सहीच्या बळावर कोठेतरी एखादा पूल अजूनही नदीच्या मध्यापर्यंत येऊन उभा असेल, अशी मला दाट शंका आहे. असा मनुष्य स्वतः ग्राहक झाला म्हणजे काळाच्या बाबतीत उदार राहील, असे कोणालाही वाटेल. ज्याला तसे वाटत असेल त्याने त्यांना एखादी वस्तू विकून पाहावी.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी बेंगळुरूहून एक घड्याळ मागवले. १९६१ साली एचएमटीच्या बेंगळुरूच्या कारखान्यातून घड्याळे बाहेर पडू लागली, आणि त्यांपैकी 'जनता' नावाचे, रोज चावी द्यावे लागणारे घड्याळ हे पुढे कित्येक वर्षे मॅट्रिक झालेल्या मुलाच्या आणि मांडवातल्या जावयाच्या मनगटाचे ठरलेले भूषण होते. मुदतरावांना सासऱ्यांनी दिलेले 'जनता' मुंबईच्या बदलीत लोकलच्या गर्दीने कधीच गिळंकृत केले होते, आणि त्याचा विषय निघाला की त्यांच्या सौभाग्यवती आजही तोंड फिरवतात. तेव्हा मूळचा सोलापूरचा, पण नोकरीनिमित्त बेंगळुरूस स्थायिक झालेला एक तरुण तसेच घड्याळ विकतो आहे असे दिसताच मुदतरावांनी रात्री साडेदहाला किमतीचा तंटा मिटवला, पैसे पाठवले आणि सकाळी सहाला पहिला खलिता धाडला.

"पाठवलंत का?"

"काका, रात्री साडेदहाला पैसे आले. पोस्ट अजून उघडायचंय."

"उघडल्याबरोबर जाल ना?"

"काका, मला ऑफिस असतं. शनिवारी नक्की टाकतो."

"शनिवार म्हणजे येणारा ना?"

"हो काका, येणाराच."

"तारीख लिहा."

त्या तरुणाने बिचाऱ्याने तारीख लिहून दिली. त्यानंतर शनिवारपर्यंत मुदतरावांनी त्याला रोज प्रातःकाळी सूर्योदयाचे चित्र पाठवले, त्याखाली सुविचार घातला आणि सुविचाराखाली एक प्रश्नचिन्ह काढले. गुरुवारी प्रश्नचिन्हे दोन झाली. हा तगादा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तगादा म्हणजे माणूस दाराशी बसवणे, ही केवळ विचारपूस. परंतु ज्याची विचारपूस होत होती त्याला तो भेद कळला असावा असे वाटत नाही, कारण शुक्रवारी त्याने कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि घड्याळ पोस्टात नेऊन दिले.

मुदतरावांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अपरिचिताला आगाऊ पैसे देणे ही गोष्ट आपल्या रक्तात नाही, आणि नसावी असे सरकारनेच एके काळी ठरवले होते. १८७७ साली आपल्याकडच्या टपालात व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली, तिचे मर्म हेच की पोस्टमनने दाराशी उभे राहून पैसे घ्यावेत व मगच पुडके हाती द्यावे. घेणाऱ्याने देणाऱ्यावर आणि देणाऱ्याने घेणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे दोघांनाही कारण पडू नये. 'पुस्तक व्ही. पी. ने पाठवावे' असे कार्ड टाकून मराठी वाचक निर्धास्त झोपत असे, आणि झोप उडायचीच तर ती प्रकाशकाची, कारण पुडके दारी येईतो पुष्कळ वाचकांचा विचार बदललेला असे आणि व्ही. पी. परत जाई. त्या काळी कार्डही चालत जाई, पुस्तकही चालत येई आणि पैसेही मनिऑर्डरीच्या पायांनीच चालत. तिघांचीही चाल सारखीच असल्यामुळे कोणी कोणाला मंद म्हणत नसे. आता यूपीआयच्या कृपेने, म्हणजे २०१६ पासून, पैशाला तेवढे पंख फुटले आहेत. पैसे पापणी लवते न लवते तोच पोचतात, आणि मग ज्या वेगाने आपले गेले त्याच वेगाने आपल्याकडे का येऊ नये, असा प्रश्न मुदतरावांच्या मनात उद्भवतो. त्यात भर म्हणून, पैसे मिळण्यासाठी हे चिन्ह स्कॅन करा असे सांगून उलट खातेच रिकामे करणाऱ्या भामट्यांच्या कथा वर्तमानपत्रांत रोज येतात; पैसे घेण्यासाठी काहीही स्कॅन करावे लागत नाही आणि गुप्त अंकही टाकावा लागत नाही, एवढे ठाऊक असलेला मनुष्यसुद्धा विक्रेता दोन दिवस गप्प बसला की मनात फिर्यादीचा मसुदा जुळवू लागतो.

आणि मुदतरावांना बिघडवले आहे ते मोठ्या पेढ्यांनी. त्यांच्याकडे सकाळी साबण मागवावा तो दुसऱ्या दिवशी दारात. परंतु तो साबण मुळात भिवंडीच्या गोदामात, कोणीतरी मागवील या हिशेबाने, आधीच येऊन बसलेला असतो. तेथे दिवसरात्र पाळ्या चालतात, खोके मापाचे तयार असतात, चिठ्ठी यंत्रातून निघते आणि गाडी फाटकाशी उभी असते. सोलापूरच्या त्या तरुणाचे गोदाम म्हणजे कपाटाचा वरचा खण. त्याला घड्याळ शोधायचे, पुसायचे, चालते का पाहायचे, ते आत हलू नये म्हणून जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचे, खोका मिळवायचा, पत्ता स्वच्छ अक्षरात लिहायचा, आणि ज्या वेळात पोस्ट उघडे असते नेमक्या त्याच वेळात त्याच्या साहेबाला त्याचे तोंड पाहायचे असते. साबण आणि 'जनता' यांना एकच फूटपट्टी लावणे हा अन्याय आहे, हे मी मुदतरावांना समजावण्याचा यत्न केला. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण पैसे मी त्याला लगेच दिले."

वस्तू रवाना झाली म्हणजे मुदतराव शांत होतील, अशी समजूत प्रथम त्यांच्या सौभाग्यवतींचीही होती. वास्तविक त्यांच्या साधनेला तेथूनच प्रारंभ होतो. पोस्टाच्या पावतीवर तेरा स्थानांचा एक क्रमांक असतो: आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची खूण असलेली दोन अक्षरे. या नऊ अंकांपैकी नववा हा पहिल्या आठांचा साक्षीदार आहे. पहिल्या आठ अंकांना क्रमाने आठ, सहा, चार, दोन, तीन, पाच, नऊ आणि सात यांनी गुणावे, सर्वांची बेरीज करून तिला अकराने भागावे आणि बाकी अकरातून वजा करावी, म्हणजे नववा अंक येतो. वजाबाकी दहा आली तर शून्य आणि अकरा आली तर पाच धरावे. आंतरराष्ट्रीय टपाल संघाचा हा दंडक शंभरांतील नव्याण्णव माणसांना ठाऊक नसतो, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. मुदतराव हा हिशेब दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर करतात. जुळला की विक्रेता इमानदार ठरतो. आणि एकदा तो जुळला नाही तेव्हा त्यांनी विक्रेत्याकडे लेखी खुलासा मागितला, तो असा आला की त्याने तीनाच्या जागी आठ वाचले होते.

टपालाच्या भूगोलावर तर त्यांनी प्रबंध लिहावा इतकी त्यांची तयारी झाली आहे. आपल्या पत्त्याखालचे सहा अंक श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातील मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून उतरले, ते १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंमलात आले आणि हे वेलणकर संस्कृत कवी होते, ही माहिती मला मुदतरावांकडूनच मिळाली. आरंभीचा चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग, चारशे अकरा म्हणजे पुणे, आणि शेवटचे तीन अंक म्हणजे ज्या कचेरीतून पोस्टमन प्रत्यक्ष निघतो ती कचेरी; असे हे नाव-गाव-गोत्र ज्याच्या अंगावर स्पष्ट लिहिले आहे ते पुडके वाट कशी चुकेल, असे ते म्हणतात आणि त्याच श्वासात ते चुकलेच असणार असेही म्हणतात. कारण ट्रॅकिंगच्या पाटीवर 'बॅग्ड' असा शब्द उमटतो आणि मग दोन दिवस काहीच उमटत नाही. यात काळजीचे काही नसते. पुडके थैलीत पडले, थैलीचे तोंड बांधले गेले, आणि पुढे प्रवास करते ती थैली. ती दुसऱ्या टोकास उघडली जाईपर्यंत आतल्या पुडक्याचे नाव कोणी घेत नाही. परंतु मुदतराव त्या मौनात अपघात, चोरी, पूर आणि घाटात कोसळलेल्या दरडी पाहतात. रात्री अकराला त्यांनी माझ्या दाराची घंटा वाजवून "अजून बॅग्डच" एवढेच सांगावे आणि निघून जावे, असे अनेकदा घडले आहे.

अशाच एका रात्री मी त्यांना इतिहासाचा आधार देऊ केला. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संहाराची वार्ता भेलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सुमारे दहा दिवसांनी, आणि तीही सावकाराच्या जासुदाकरवी. एवढ्या मोठ्या बातमीला जर दहा दिवस लागले, तर किल्लीच्या घड्याळाने आठवडाभर घेतला म्हणून आकाश कोसळत नाही, असे माझे प्रतिपादन होते. मुदतराव क्षणभर गंभीर झाले. "नानासाहेबांना ट्रॅकिंग नव्हतं हो," ते म्हणाले, "नाहीतर तेही माझ्यासारखेच जागले असते."

घड्याळ यथाकाल आले. मुदतरावांनी त्याचा खोका उघडतानाचे चलच्चित्र पुराव्यासाठी घेतले, ते घेण्याकरिता सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातून पाचारण केले, घड्याळास किल्ली दिली, कानाला लावले, "चालतंय" म्हणाले आणि ते खणात ठेवून दिले. ते आजतागायत तेथेच आहे. त्या दिवशी सायंकाळी मी त्यांना खाली बाकावर बसलेले पाहिले; पाहण्यास क्रमांक नाही, विचारण्यास मनुष्य नाही, अशा अवस्थेत ते मोठे उदास दिसत होते. दोन दिवसांनी त्यांनी भोपाळहून एक जुना कॅमेरा मागवला, आणि त्यात बॅटरी असल्याने तो विमानाऐवजी रस्त्याने येणार, म्हणजे अधिक दिवस लागणार, असे विक्रेत्याने कळवल्यावर त्यांच्या मुद्रेवर पुन्हा तेज आले.

येथवरच मुदतराव असते तर मी त्यांच्यावर लेख लिहिला नसता. वाट पाहणारी माणसे जगात विपुल आहेत. त्यांचे वैशिष्ट्य प्रकट होते ते ते स्वतः काही विकावयास काढतात तेव्हा.

महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेल्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहाही खंड मुदतरावांच्या काचेच्या कपाटात अनेक वर्षे सुखाने नांदत होते. घराला रंग काढायचा होता, कपाट हलवायचे होते, आणि दहा खंडांसह ते हलत नव्हते. तेव्हा सौभाग्यवतींच्या आग्रहावरून त्यांनी ते विक्रीस मांडले. चंद्रपूरकडील एका शाळेतील शिक्षिकेने शाळेच्या ग्रंथालयासाठी म्हणून ते मागितले, घासाघीस मुळीच केली नाही आणि पैसे त्याच संध्याकाळी पाठवले. मुदतरावांनी पैसे मिळाल्याची पोच अत्यंत सभ्य शब्दांत दिली, 'लवकरात लवकर रवाना करतो' असे लिहिले आणि रात्री दहा वाजता ते निर्मळ मनाने झोपी गेले.

प्रथम खोक्याचा प्रश्न उपस्थित झाला. वाण्याकडचा बिस्किटांचा खोका पातळ, औषधवाल्याचा लहान आणि दूरदर्शन संचाचा इतका मोठा की त्यात खंडांबरोबर स्वतः मुदतरावांनाही बसता आले असते. मग कागदाचा प्रश्न. मुदतरावांच्या मते पार्सल म्हणजे ते कापडात शिवलेले असावे, सुतळीने दोन्ही अंगांनी बांधलेले असावे आणि गाठीगाठीवर लाखेची मोहोर असावी. आता पोस्टात असे कोणी मागत नाही हे त्यांना मान्य होते, परंतु पद्धत ती पद्धत. लाख मिळवण्यासाठी ते दोनदा शहरात जाऊन आले. पुढे टपालाच्या प्रकाराचा विचार. छापील पुस्तकांसाठीचे जुने नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले, या दोन्ही घटनांचा शोक त्यांनी त्या शिक्षिकेला पाठवलेल्या एका दीर्घ संदेशात व्यक्त केला, त्यात शेवटपर्यंत पार्सलचा उल्लेख नव्हता. १ मे २०२५ पासून सुरू झालेली 'ज्ञान पोस्ट' स्वस्त खरी, पण तीत एका पुडक्याला पाच किलोची मर्यादा. म्हणजे दहा खंडांची विभागणी करणे आले, आणि कोणता खंड कोणाबरोबर जावा हा प्रश्न मुदतरावांना वाटे तितका सोपा नव्हता.

या सर्व अडचणींच्या मुळाशी जी खरी अडचण होती ती मला योगायोगाने कळली. एके दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पहिला खंड मांडीवर उघडा होता आणि मुदतराव अगस्त्य ऋषींपाशी पोचले होते.

"अहो, विकलंय ना ते?" आतून सौभाग्यवतींचा आवाज आला. "मग वाचत काय बसलात?"

"वाचत नाही," मुदतराव पान उलटत म्हणाले, "तपासतोय. एखादं पान फाटकं निघालं तर त्या बाईंना काय तोंड दाखवू?"

अनेक वर्षांत जे खंड एकदाही कपाटाबाहेर आले नव्हते, त्यांचे मोल विकल्यानंतर त्यांच्या ध्यानात आले होते. दिवसाला दहा-बारा पाने, मध्यान्हीची वामकुक्षी आणि सणवार वजा जाता, ही तपासणी कोणत्या शतकात संपेल याचा अंदाज करण्याचे मी टाळले. शिक्षिकेचा निरोप तेवढ्यात आला. "काका, नमस्कार. पार्सल टाकलं का? गडबड नाही, सहज विचारलं." मुदतरावांनी तो मला वाचून दाखवला, आणि 'गडबड नाही' या दोन शब्दांवर बोट ठेवले. ही, त्यांच्या मते, लेखी कबुली होती. ज्या पक्षाने गडबड नसल्याचे स्वतःच्या हस्ताक्षरात, निदान स्वतःच्या मोबाईलवरून, कळवले आहे त्या पक्षाला पुढे विलंबाची कैफियत मांडता येत नाही. "आणि तरीही विचारतातच," ते खेदाने म्हणाले. "लोकांना धीर म्हणून राहिलेला नाही."

कायद्याची त्यांची तयारी अशीच आहे. १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्यात छत्तिसावे कलम असे आहे, की माल पाठवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असून मुदत ठरलेली नसेल तर त्याने तो वाजवी वेळात पाठवला पाहिजे. आणि त्रेसष्टावे कलम असे, की वाजवी वेळ म्हणजे किती हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. २०२० साली ई-व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम झाले, पण आपल्या घरातली वस्तू एखादवेळी विकणाऱ्या खाजगी माणसाला ते लागू नाहीत; म्हणून मुदतराव आणि त्यांचे जातभाई अजून या नव्वद वर्षांहून जुन्या कायद्याच्या छत्राखालीच वावरतात. दोन्ही कलमे त्यांनी रोजनिशीत समोरासमोरच्या पानांवर उतरवून घेतली आहेत. विकत घेतात तेव्हा ते डावे पान वाचतात, विकतात तेव्हा उजवे. एकाच माणसाने एकाच कायद्याचा दोन्ही बाजूंनी इतका निष्कपटपणे उपयोग केल्याचे उदाहरण मला वकिलीच्या धंद्यातही आढळले नाही; कारण वकिलाला निदान आपण कोणाकडून उभे आहोत याची जाणीव असते. मुदतरावांना ती नाही. सोलापूरच्या त्या तरुणाची आठवण मी त्यांना करून दिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिले. "त्याचं एक घड्याळ होतं," ते म्हणाले, "माझे दहा खंड आहेत."

वाजवी मुदतीचा माझा स्वतःचा हिशेब अगदी साधा आहे, आणि मुदतरावांना तो पटत नाही म्हणून तो येथे लिहून ठेवतो. घरातून पोस्टापर्यंतचा काळ हा विक्रेत्याचा, आणि पोस्टापासून घरापर्यंतचा काळ हा डाकेचा. या दोहोंची गल्लत केली की अर्धे तंटे तेथेच सुरू होतात. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकच मोकळा दिवस मिळत असेल, तर पुढचा शनिवार ही वाजवी मुदत आहे, त्या पलीकडचा शनिवार ही सवलत आहे, आणि तिसरा शनिवार उजाडला तर विक्रेत्याने पैसे परत करून वस्तू स्वतःच वाचीत बसावे. डाकेच्या काळात रविवार व सुट्या मोजू नयेत. मोठ्या शहरांतून मोठ्या शहरांत स्पीड पोस्टाने जे थोड्या दिवसांत पोचते तेच खेड्यात किंवा जमिनीवरच्या मार्गाने दुप्पट-तिप्पट दिवस घेईल, आणि श्रावणात घाट बंद पडल्यास तो कोणाचाही गुन्हा नव्हे. पोस्टाच्या पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी पाठवणे ही विक्रेत्याची किमान सभ्यता. पुढे तो क्रमांक दिवसातून एकदा पाहणे ही घेणाऱ्याची. वस्तू उशिरा आल्याने फारसे कोणी दुखावत नाही. दुखावते ते विक्रेत्याचे मौन, आणि मुदतराव तर त्या मौनातही, अगस्त्य ऋषींसमवेत, मोठ्या समाधानात असतात.

त्या शिक्षिकेने अखेर मार्ग काढला. तिने पुन्हा पार्सलची चौकशी केलीच नाही; तिने एवढेच कळवले की शाळेतील मुले शनिवारी ग्रंथालयाच्या खोलीत नवे फडताळ लावणार असून काका कोणते खंड आधी पाठवणार ते समजल्यास त्याप्रमाणे जागा ठेवता येईल. मुदतरावांना ठरावीक तारखेची ही भाषा ओळखीची होती, आणि शाळेतील मुलांपुढे मुदतवाढ मागण्याची त्यांना लाज वाटली असावी. पुढच्या दोन दिवसांत तीन पुडकी कापडात शिवून, लाखेच्या मोहोरा करून, रवाना झाली. क्रमांक हाती पडताच त्यांच्यातला ग्राहक जागा झाला, आणि आता ते त्या शिक्षिकेला रोज सकाळी, "पोचलं का?" असे विचारतात. पहिला खंड मात्र अजून त्यांच्या मांडीवर आहे. तपासणी अपुरी आहे, असे त्यांनी शाळेस कळवले आहे.

सध्या ते वडिलांचा मर्फी रेडिओ विकायला काढण्याच्या विचारात आहेत. छायाचित्रे चांगली आली आहेत, भावही रास्त आहे. वाचकांपैकी कोणास तो पसंत पडल्यास त्याने अवश्य मागवावा, घासाघीसही खुशाल करावी. मात्र पैसे पाठवण्यापूर्वी खोका मिळाला आहे किंवा नाही, एवढी चौकशी करून घ्यावी.